पाल्यावर पाला

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ‘पाला’ दोन प्रकारचा. मुळ्याचा पाला भाजीसाठी काढून ठेवतात, तो एक. दुसरा शेजारच्या हिंदीतून घरात शिरलेला. डिसेंबर सरत आला की इथल्या वर्तमानपत्रांत ‘पाला पड़ने की आशंका’ छापून येतं आणि मोहरीवाल्यांची झोप उडते. तो पाला म्हणजे पानांवर गोठलेलं दव. घरात झाडं ठेवणाऱ्यांना या दिवसांत दोन्ही पाले एकदम सांभाळावे लागतात, कारण वर्षअखेरच्या सवलतीही याच पंधरवड्यात लागतात. एरवी परवडणार नाही असा फिलोडेंड्रॉन निम्म्या किमतीत दिसतो, आणि बाहेर कोहरा म्हणजे दाट धुकं पडलेलं असताना रजईत बसल्या बसल्या ऑर्डर जाते.

ग्वाल्हेरसाठी झाडं मागवायचे हंगाम खरं तर दोनच. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा मोठा, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा चिमुकला. त्यानंतर लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, सुरू होते आणि दमट मुलखातून आलेल्या मऊ पानांचा पापड होतो. डिसेंबर-जानेवारीत मागवायचंच असेल तर झाड निवडून मागवावं. झेडझेड, स्नेक प्लांट, होया कार्नोसा, साधा मनी प्लांट ही काटक मंडळी मुळं कोरडी असतील तर १० अंशांची एखादी रात्र काढून नेतात. मॉन्स्टेरा आणि सिंगोनियम काठावरचे. कॅलेथिया, ॲग्लोनेमा, अलोकेशिया, मखमली पानांची अँथुरियम यांना १५ अंशांखालची रात्र नकोच. हवामान खातं मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर आलं की शीतलहर म्हणतं. ॲग्लोनेमाची शीतलहर १२-१३ अंशांवरच सुरू झालेली असते, आणि जानेवारीत इथला रात्रीचा पारा सरासरी ७ च्या आसपास असतो.

थंडीनं पानाचं नेमकं काय होतं, ते न्हाणीघरातल्या खोबरेलाच्या बाटलीकडे पाहून कळतं. खोबरेल २४-२५ अंशांच्या आसपास थिजायला लागतं. पेशीभोवतीचा पडदाही स्निग्ध पदार्थांचाच असतो. गहू-मोहरीसारखी हिवाळी पिकं गारठा वाढला की त्या स्निग्धाची घडण बदलतात आणि पडदा लवचीक ठेवतात. विषुववृत्ताजवळच्या जंगलातल्या झाडांना ते फारसं जमत नाही. १०-१२ अंशांखाली त्यांचा पडदा ताठरतो, त्याला गळती लागते, आतलं पाणी आणि क्षार झिरपू लागतात. गंमत अशी की गारठ्यात असेपर्यंत पान धडधाकट दिसतं. ऊब मिळाल्यावर, दोन-तीन दिवसांनी, भज्यांखालच्या कागदावर तेल उतरावं तसे काळपट, अर्धे पारदर्शक डाग उमटतात. म्हणून विकणाऱ्याची तक्रारीची मुदत आधी वाचावी. ती २४ तासांची असेल तर थंडीच्या नुकसानीपुरती ती नसल्यातच जमा.

ही झाडं बहुतेक दक्षिणेतून किंवा पूर्वेतून निघतात. आंध्रात गोदावरीकाठचं कडियम, केरळ, कोलकात्याचा परिसर, बंगळूर, पुणे. चार ते सहा दिवस अंधाऱ्या खोक्यात, आणि शेवटचा मुक्काम सगळ्यांत गार: कोहऱ्यात गाड्या अडकतात आणि पार्सल एखाद्या पत्र्याच्या गोदामात रात्र काढतं. यातलं थोडं आपल्या हाती असतं. विकणाऱ्याला लिहून कळवावं की पार्सल सोमवारीच निघू दे, म्हणजे मध्ये रविवार येत नाही. पोचण्याच्या सुमाराला इथली रात्र १० अंशांखाली जाणार असेल तर पंधरा दिवस थांबवून पाठवायला सांगावं. चांगला रोपवाटिकावाला ऐकतो, न ऐकणाऱ्याकडून या दिवसांत घेऊच नये. बांधण्याआधी दोन दिवस पाणी बंद. मुळांभोवती बांधतात ते शेवाळ (मॉस) पिळून ओलसर असावं, पानं मात्र कोरडी. बबल रॅपपेक्षा पानांना रद्दी बरी, कारण प्लॅस्टिकमध्ये सुटलेला घाम पानावरच बसतो. खोक्याच्या आतून थर्माकोलची पाटी. पत्ता घराचा देण्यापेक्षा दौलतगंज बाजारातल्या एखाद्या ओळखीच्या दुकानाचा दिला तर पार्सल कुणीतरी लगेच हातात घेतं, दारात पडून राहत नाही.

गरम पुड्यांचा आग्रह धरण्याआधी त्यांचं काम समजून घ्यावं. आत लोखंडाची भुकटी, मीठ आणि कोळसा असतो. हवेतल्या प्राणवायूनं लोखंड गंजतं आणि त्या गंजण्याची ऊब मिळते. खोकं चिकटपट्टीनं पूर्ण बंद केलं की पुडी विझते, आणि पानाला टेकली तर पान भाजतं. गिर्यारोहकांच्या हात शेकायच्या पुड्या आठ-दहा तास चालतात, पाच दिवसांच्या प्रवासाला त्यांचा काय उपयोग? ७२ तासांच्या मोठ्या पुड्या असतात, त्या घालणार असतील तरच पैसे द्यावेत.

आता खोकं घरात आलं. ते रूम हीटरपुढे ठेवायचं नाही. वरच्या पट्ट्या कापून, झाकण किलकिलं करून, घरातल्या नेहमीच्या खोलीत दोन-तीन तास तसंच राहू द्यावं. मग मोबाइल उभा करून व्हिडिओ चालू ठेवूनच आतलं काढावं. रद्दीची गुंडाळी उलगडली की खालची एक-दोन पानं पिवळी निघतात. अंधारात कोंडलेल्या झाडातून एथिलीन वायू सुटतो, त्यानं जुनी पानं पिकतात. ती काढून टाकावीत आणि विसरावीत. पान पातळ, मलूल, पण डाग नसलेलं असेल तर ती नुसती तहान. देठ पाण्यात भिजल्यासारखा पारदर्शक दिसला तर ते पान गेलं, पण खोड टणक असेल तोवर झाड गेलेलं नाही. खोड बोटांनी वरपासून खालपर्यंत दाबत जावं. कुठे मऊ लागलं आणि नाकाला कुजका वास आला, तर थांबायला वेळ नसतो.

मुळांचा गोळा प्लॅस्टिकच्या पातळ फितीत गुंडाळलेला असतो. फीत कापून शेवाळ मुठीत हलकेच दाबावं. बोटांना नुसता ओलावा लागला तर ठीक. थेंब गळले तर जास्तीचं ओलं शेवाळ काढून टाकावं. आता एक मूळ चिमटीत धरून खाली ओढायचं. चांगलं मूळ ताठ असतं, पांढरं किंवा फिकट पिवळसर, ओढल्यानं त्याला काही होत नाही. कुजलेल्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. अशी सगळी मुळं स्वच्छ ब्लेडनं चांगल्या भागापर्यंत कापावीत. इथे नुसतं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक उपयोगाचं नाही, कारण ओल्या गार मुळांना कुजवणाऱ्या पिथियमवर ते चालत नाही. मॅन्कोझेब मिसळलेलं बुरशीनाशक (बियाणांच्या दुकानात ‘साफ’ मागितलं की मिळतं) लिटरला २ ग्रॅम घालून दहा मिनिटं मुळं बुडवावीत, हातमोजे घालून आणि त्यासाठी वेगळं भांडं ठेवून. मग तासभर मुळं हवेवर सुकू द्यावीत. हळद-दालचिनीचा लेप खोडाच्या कापलेल्या तोंडावर चालेल, पण धडक्या मुळांवर दालचिनी भुरभुरली की ती मुळंच सुकतात.

नवीन झाड दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवावं. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पिठ्या ढेकूण, पानाखाली बारीक जाळी करणारा कोळी, पान रुपेरी खरवडल्यासारखं करणारे फुलकिडे, तिघेही खोक्यातून फुकट येतात. निंबोळी तेल ५ मिली, भांडी घासायच्या द्रव साबणाचे तीन-चार थेंब, लिटरभर कोमट पाणी, हे ढवळून पानांच्या खालून फवारावं. वेळ सकाळी अकराची. संध्याकाळी नको, ओलं पान रात्री गारठतं.

आणि पाणी? झाड खोक्यातून निघालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “कोमेजलंय गं, थोडं पाणी घाल.” थंडीतली बहुतेक झाडं या एका वाक्यानं जातात. मुळांभोवतीची माती गार असली की मुळं पाणी ओढूच शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतलं झाडही तहानल्यासारखं मान टाकतं. त्यावर आणखी पाणी घातलं की माती आणखी गार होते, मुळांना हवा मिळत नाही आणि पिथियमचं फावतं. त्यात गच्चीवरच्या टाकीतलं सकाळचं पाणी बर्फासारखं. ते गीझरच्या पाण्यात मिसळून कोमट करावं, बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं मनगटावर थेंब टाकून. विझलेल्या उदबत्तीची काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी; काडी ओली, काळपट निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. चार इंची कुंडीला एका वेळी ८० ते १०० मिली पुष्कळ, आणि दोन पाण्यांत दहा-बारा दिवस सहज जातात. खत पूर्ण बंद.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी वाड्यांत उन्हाळ्याला जे वरदान, तेच थंडीत अडचण होतं. फरशी रात्रभर कुंडीची ऊब शोषते. कुंडी जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवली तरी मुळांना फरक पडतो. मातीची कुंडी दिसायला कितीही छान असली तरी ती माठासारखीच वागते: अंगातून पाणी झिरपतं, वाळतं, आणि आतलं गार करतं. मे महिन्यात तेच हवं असतं, जानेवारीत मात्र प्लॅस्टिकची कुंडी बरी. तीही लहान, मुळांच्या गोळ्याभोवती दोन बोटं मोकळी राहिली की झालं, मोठ्या कुंडीतली रिकामी माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. झाड मुळांना शेवाळ बांधून आलं असेल तर कुंडीत लावावंच लागतं. दोन वाट्या धुतलेलं कोकोपीट, दोन वाट्या परलाइट (हलके पांढरे खडे), दोन वाट्या नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा पाइनची साल, गांडूळखत फक्त अर्धी वाटी. जास्त खत म्हणजे चिलटांना आमंत्रण. कुंडीसकट आलेल्या झाडाला, मुळं धड असतील तर, मार्चपर्यंत हात लावू नये.

उजेडाची गोष्ट थंडीत आपल्या बाजूची असते. डिसेंबरअखेरीस ग्वाल्हेरला भर दुपारीही सूर्य जेमतेम ४० अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. नवं झाड पहिला आठवडा या उन्हाच्या पट्ट्याबाहेर, मग हळूहळू आत. दिवस मावळला की मात्र खिडकीपासून हातभर मागे, कारण रात्री काचेला टेकलेलं पान काचेइतकंच गार होतं. कोहरा चार-चार दिवस उठत नाही तेव्हा ९ ते १२ वॉटचा साधा पांढरा एलईडी दिवा झाडाच्या वर वीतभर अंतरावर बारा तास लावावा. फवाऱ्यानं पानं भिजवण्याचं जे वेड आहे ते इथल्या जानेवारीत अनाठायी. कोहऱ्याच्या सकाळी हवेत ओलावा भरपूर असतो. तो फवारा एप्रिलसाठी राखून ठेवावा. सिगडी पेटवून खोली गरम करण्याचा विचारही नको. बंद खोलीत ती माणसांच्या जिवावर उठते, शिवाय अर्धवट जळणातून एथिलीन निघून झाडांचीही पानं गळतात.

अलोकेशियाची तऱ्हा वेगळी, आणि ती समजायला परसातल्या मोरीकडेचं अळू पाहिलेलं असलं की पुरे. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, ॲग्लोनेमा, अँथुरियम ही सगळी अळूच्याच कुळातली. फदफद्यात चिंच घातली नाही तर घसा खाजवतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, त्याच यांच्या चिकातही असतात, म्हणून कापताना हातमोजे घालावेत आणि पानं लहान मुलांच्या, मांजरांच्या तोंडी लागू देऊ नयेत. थंडीत अळूचं पान न पान जातं, गड्डा मातीत निजून राहतो आणि पावसाला कोंब फुटतो. शेकड्यांनी पैसे मोजून आणलेली अलोकेशिया जानेवारीत पानं टाकते तेव्हा ती हेच करत असते. गड्डा दाबून पाहावा. टणक असेल तर कुंडी कोरडी करून कपाटावर ठेवावी आणि एप्रिलपर्यंत विसरावी. मातीत सुपारीएवढे छोटे कंद सापडले तर तेही जपून ठेवावेत. ओलसर शेवाळात, २५ अंशांच्या वर, त्यांचीही रोपं होतात.

प्रवासात अर्धं झाड गेलं तर उरलेल्या खोडाचे छाट करून वाचवता येतं, आणि तिथेच उसाच्या कांडीवर हात फिरवल्याचा अनुभव कामी येतो. पेर लावून ऊस उगवत नाही, डोळा लागतो, इथेही तसंच. मनी प्लांटची वेल उजेडात धरली की दर पानाच्या देठापाशी खोडाला कडं दिसतं. त्या कड्याच्या एका अंगाला मोहरीएवढा तपकिरी उंचवटा, ते हवाई मूळ. देठाच्या बगलेत, नीट पाहिलं तरच दिसणारा टोकदार फुगवटा, तो डोळा. छाटात दोन्ही हवेत. डोळ्याच्या वर-खाली दोन-दोन सेंटिमीटर खोड ठेवून कापावं. नुसतं देठासकट पान पाण्यात ठेवलं तर त्याला कधी मूळ फुटेलही, झाड होणार नाही. झेडझेड, पेपरोमिया आणि स्नेक प्लांट अपवाद, ती पानावरूनही होतात. झेडझेडच्या पानाला मात्र गड्डा धरायला कित्येक महिने लागतात, आणि पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं पान लावलं तर पिल्लं साधी हिरवी निघतात. कड हवी असेल तर गड्डा विभागूनच घ्यावा लागतो. पानं नसलेल्या खोडाच्या कांड्या ‘वेट स्टिक’ म्हणून विकतात, त्या जानेवारीत घेणं म्हणजे निव्वळ जुगार. आणि त्या थेट परदेशातून मागवायच्या तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (झाडाला रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं.

कापलेलं तोंड उन्हाळ्यात दोन-तीन तासांत सुकतं, थंडीत अख्खा दिवस द्यावा. पुढचा प्रश्न उबेचा. मुळं फुटायला २३ ते २६ अंश लागतात. तेवढी ऊब असेल तर मनी प्लांटला दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. खोली १३-१४ अंशांवर असेल तर महिनाभर काहीच होत नाही, आणि त्या महिन्यात तोंड कुजतं. राऊटरवर, फ्रीजवर बाटल्या ठेवणं हे अर्धे उपाय. त्यापेक्षा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा ५० वॉटचा थर्मोस्टॅटवाला काचेचा हीटर घ्यावा. वीस लिटरच्या प्लॅस्टिक टबात बारा-पंधरा लिटर पाणी, त्यात हीटर आडवा, २६ अंशांवर लावलेला. छाट घातलेल्या काचेच्या बाटल्या त्या पाण्यात उभ्या करायच्या, आत-बाहेर पाण्याची पातळी सारखी, तरंगू नयेत म्हणून तळाशी चार खडे. वरून थर्माकोलचं झाकण, त्याला बाटल्यांच्या तोंडाएवढी भोकं. हीटर अखंड चालला तरी दिवसाला सव्वा युनिटच्या आत, आणि थर्मोस्टॅट त्याला अखंड चालू देत नाही. वीज तीन-चार तास गेली तरी एवढं पाणी सहज गार होत नाही.

दोन गोष्टींत हयगय नको. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. आणि टबातलं पाणी आटून हीटर उघडा पडू द्यायचा नाही, तापलेली काच तडकते. बाटल्यांमधलं पाणी दर चार दिवसांनी बदलावं, नवं पाणीही कोमटच. तोंड बुळबुळीत, तपकिरी झालं तर वर सरकून पुन्हा कापावं. कापलेल्या चकतीत तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसलं तर अजून वर, स्वच्छ फिकट गर दिसेपर्यंत. डोळा मात्र वाचायला हवा. मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली आणि त्यांना उपमुळं फुटू लागली की कुंडीत. पहिला आठवडा मिश्रण जरा ओलसर, कारण पाण्यात वाढलेल्या मुळांना कोरडं सोसत नाही, आणि कुंडीही तेवढे दिवस त्याच थर्माकोलवर, उबेला.

थर्मोस्टॅटच्या आकड्यांवर फार विसंबू नये, ते दोन-तीन अंशांनी सर्रास चुकतात. खोबरेलाची छोटी बाटली बूच घट्ट लावून टबात ठेवावी. आतलं तेल नितळ असेल तर मुळांपुरती ऊब आहे. तशीच दुसरी न्हाणीघराच्या फळीवर असतेच. होळीच्या पुढे-मागे कधीतरी सकाळी तीही न शेकवता पातळ झालेली दिसते. त्या दिवशी हीटरचा प्लग काढायचा, टब गच्चीवर नेऊन उपडा करायचा.